ससे पाळायचेत? आधी सावली आणि गवत, मग ससे

ससे पाळणं सोपं आहे असं सगळे सांगतात आणि ते बऱ्यापैकी खरंय, जागा कमी लागते, आवाज नाही त्यामुळे शेजाऱ्यांची कटकट नाही, खाणं बहुतेक गवतच, आणि पिल्लं किती होतात ते तर विचारूच नका. पण नवीन माणसाचे ससे पहिल्याच वर्षी पटापट जातात हेही तितकंच खरंय, आणि का गेले ते बघायला गेलं की कारणं फिरून फिरून तीच निघतात: ऊन, ओल आणि अचानक बदललेलं खाणं. रोगराई आहेच, पण तीही बऱ्याच वेळा या तिघांच्या मागून येते. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात ब्रीड वगैरे गोष्टी थोडक्यात उरकल्यात आणि शेड, चारा, पाणी यावर जास्त बोललोय, कारण ससा आणून मग पिंजऱ्याचा विचार करणारे लोक बघून बघून कंटाळा आलाय.

पहिला प्रश्न, ससे कशाला हवेत? मांसासाठी, लोकरीसाठी, पिल्लं विकायला की बागेला खत मिळावं म्हणून? चारही गोष्टी एकत्र जमतील असं वाटतं पण जात वेगळी, पिंजरा वेगळा, रोजचं काम वेगळं. मांसासाठी पाळणार असाल तर आठ ते बारा आठवड्यांच्या पिल्लांचं काय करायचं, कापणार कोण, हे घरात आधीच बोलून घ्या. पिल्लांची बारशी करून झाल्यावर ही चर्चा काढली तर घरात महाभारत होतं. आणि तुमच्या भागात ससे पाळायला, विकायला काय नियम आहेत ते आधी विचारा, काही ठिकाणी खरंच बंदी आहे. ऑस्ट्रेलियात १८५९ साली शिकारीच्या हौसेपायी दोन डझन ससे मोकळे सोडले होते आणि तो देश अजून निस्तरतोय, त्यामुळे "नको झाले तर सोडून देऊ रानात" हा विचार डोक्यातूनच काढून टाका. तसंच उलटं, रानातला ससा पकडून आणून पाळायला जाऊ नका, तो वेगळा प्राणी आहे, पिंजऱ्यात धसक्यानेच मरतो आणि पाळीव सशाशी त्याची पैदास होत नाही.

जातींबद्दल थोडक्यात. मांसासाठी न्यूझीलंड व्हाइट आणि कॅलिफोर्नियन या दोन जाती जगभर चालतात, मोठा ससा चार ते पाच किलोच्या आसपास भरतो, माद्या पिल्लं नीट सांभाळतात. (न्यूझीलंड व्हाइट ही जात अमेरिकेत तयार झालीये, नावावर जाऊ नका.) फ्लेमिश जायंटसारखे दांडगे ससे दिसायला भारी पण खातात भरपूर, वयात उशिरा येतात आणि जाळीवर त्यांचे पाय लवकर सोलतात. लोकरीसाठी अंगोरा, त्याची लोकर साधारण अडीच-तीन महिन्यांनी उतरवायची आणि मध्ये मध्ये विंचरत राहायचं, हे काम आवडत असेल तरच घ्या, नाहीतर गुंता होऊन ससा बेजार. पहिल्यांदा पाळताय तर मध्यम आकाराची, तुमच्याच भागातल्या हवेत जन्मलेली आणि वाढलेली जनावरं घ्या, मग ती शुद्ध जातीची नसली तरी बिघडत नाही.

किती घ्यायचे? दोन माद्या एक नर. बस्स. एकच मादी घेतली आणि ती गाभणच राहिली नाही तर वर्ष फुकट, आणि दहा घेतल्या तर तुम्हाला काही कळायच्या आत पन्नास जनावरं दारात. हिशोब करून बघा, गाभणपण ३१ दिवसांचं, पिल्लं पाच-सहा आठवड्यांत आईपासून तोडायची, म्हणजे घाई न करता एका मादीची वर्षाला चार वेतं सहज होतात. एका वेताला सहा पिल्लं जगली असं धरलं तरी दोन माद्यांची ४८ पिल्लं. ती वाढणार कुठे? म्हणून पिंजरे तीन नाही, पाच तरी बनवा, तीन मोठ्यांचे आणि दोन वाढत्या पिल्लांचे. आणि ते पाचही ससे यायच्या आधी तयार पाहिजेत.

शेड आणि पिंजरा

सशाला थंडी चालते, कोरडी असेल तर. अंगावर जाड केस आहेत, तो आरामात काढतो. त्याला सोसत नाही ते ऊन. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता बाहेर टाकायला मुख्य आधार म्हणजे कान आणि श्वास, एवढंच. साधारण १५ ते २१ डिग्रीत तो मजेत असतो, ३० च्या वर गेलं की लक्ष ठेवायला लागतं आणि ३५ च्या पुढे वारा नसेल तर धडधाकट ससा दुपारी दुपारी जातो. जास्त करून गाभण मादी आणि लठ्ठ नर. त्यामुळे शेडची जागा ठरवताना भर दुपारी तिथे जाऊन उभे राहा, सकाळी सावली असते ती दुपारी हमखास सरकलेली असते. झाडाखालची जागा सगळ्यात उत्तम. छप्पर पत्र्याचं असेल तर ते उंच घ्या आणि वर गवत-पेंढा टाका, नाहीतर खाली भट्टी होते. दोन बाजू उघड्या, जाळी लावलेल्या, म्हणजे वारा खेळेल, पण पावसाची झड आत येणार नाही एवढी आडोशाची सोय हवी. भिजलेला ससा आणि त्यावर वारा हे काम बिघडवणारं आहे.

पिंजरा वेल्डमेशचा, म्हणजे जोड दिलेल्या तारांच्या कडक जाळीचा करा. तळाला अर्धा इंच बाय एक इंच भोकाची, १४ गेजच्या (तारेची जाडी) तारेची जाळी, बाजूला आणि वर एक बाय दोन इंच चालते. कोंबड्यांची ती षटकोनी पातळ जाळी तळाला अजिबात नको, पाय कापतात आणि कुत्रं ती दाताने फाडतं. बाजूच्या जाळीचा खालचा चार-पाच इंचाचा भागही बारीक भोकाचा ठेवा कारण आईच्या सडाला चिकटून घरट्याबाहेर आलेलं पिल्लू त्या मोठ्या भोकातून सरळ खाली पडतं. माप सांगायचं तर पिल्लांसकट मध्यम जातीच्या मादीला अडीच फूट बाय तीन फूट, उंची दीड फूट हे कमीत कमी, जागा असेल तर मोठाच करा, इतका की ससा मागच्या पायांवर उभा राहू शकेल. जमिनीपासून अडीच-तीन फूट वर ठेवला की साफसफाईला वाकावं लागत नाही आणि खालून हवा येते. कोपऱ्यात एक लाकडी फळी किंवा प्लास्टिकची चटई ठेवा, ससा तिथे बसतो आणि पायाचे तळवे सोलायचे वाचतात. ती फळी घाण झाली की धुवून उन्हात वाळवायची, म्हणून दोन ठेवा.

थेट जमिनीवर, हलत्या पिंजऱ्यात गवतावर चारायची पद्धतपण आहे. चालते, पण ससा भुयार काढतो, जमिनीतून जंत आणि कॉक्सिडियाचा (आतड्यात वाढून हगवण लावणारे सूक्ष्म परजीवी) त्रास वाढतो आणि रात्री शिकारी जनावर येतं. पहिल्या वर्षी नकोच.

कुत्रं, मांजर, मुंगूस, साप, घूस, सगळ्यांचा डोळा या पिंजऱ्यावर असणार. कुत्र्याला पिंजरा फोडायचीही गरज नाही, रात्रभर नुसतं खाली घिरट्या घालून भुंकलं तरी ससा आत उड्या मारून मणका मोडून घेतो किंवा मादी घाबरून स्वतःची पिल्लं तुडवते. म्हणून शेडला बाहेरून वेगळं कुंपण किंवा दार पाहिजेच.

आता वास. सशाच्या लेंड्यांना फार वास नसतो, मुताला असतो, त्यातून अमोनिया सुटतो आणि तो नाकाची आतली त्वचा खराब करतो, मग सर्दी, मग न्यूमोनिया. तुम्ही उभे राहून "काही वास नाही" म्हणता, पण पिंजऱ्याच्या उंचीला नाक नेऊन दोन मिनिटं श्वास घ्या, डोळे चुरचुरले तर सशाचे चोवीस तास चुरचुरतायत. खालचं मूत एका जागी साचू देऊ नका, उतार द्या किंवा लाकडाचा भुसा टाका, आणि आठवड्याला काढा.

पाणी आणि खाणं

पाण्याची बाटली किंवा निपल (गोळी ढकलली की पाणी देणारी तोटी) लावा, वाटीत ते लेंड्या टाकतात नाहीतर उलटी करतात. रोज सकाळी प्रत्येक निपलची ती गोळी बोटाने दाबून बघायची, थेंब आला पाहिजे. बाटली भरलेली दिसते आणि निपल चोंदलेलं असतं, असं फार होतं. पाणी मिळालं नाही की ससा आधी खाणं सोडतो, त्यामुळे खाणं तसंच पडलेलं दिसलं तर पहिला हात निपलला लावा, मग आजाराचा विचार. दूध पाजणारी मादी आणि तिची वाढलेली पिल्लं मिळून गरमीत दोन-तीन लिटर पाणी सहज संपवतात, एका छोट्या बाटलीवर त्यांचं भागत नाही.

खाण्यात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाळलेलं गवत. ते कायम समोर पाहिजे, संपूच द्यायचं नाही. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर वर्षाला दहा सेंटिमीटरच्या आसपास, आणि ते झिजतात ते गवत चावूनच. शिवाय त्याचं आतडं चालू राहतं ते तंतुमय चाऱ्यावर. त्याला उलटी करता येत नाही, आत गेलेलं पुढेच सरकलं पाहिजे, आणि ते थांबलं की पोट फुगून खेळ खलास. मोठा ससा बारा तास काहीच खात नसेल आणि लेंड्या थांबल्या असतील तर "उद्या बघू" म्हणायचं नाही, डॉक्टर गाठायचा.

गवताच्या जोडीला सशाचं पेलेट (दाबून गोळ्या केलेलं तयार खाद्य), १६ ते १८ टक्के प्रोटीनचं. चार-पाच किलोच्या मोठ्या सशाला दिवसाला मूठ-दीड मूठ, म्हणजे १२० ते १५० ग्रॅम पुरतं. गाभण मादीला सुरुवातीला जास्त घालू नका, लठ्ठ झालेली मादी नीट व्यायत नाही. व्याल्यावर तीन-चार दिवसांत हळूहळू वाढवत न्यायचं आणि पुढे दूध पाजतेय तोवर पोटभर. वाढत्या पिल्लांनाही पोटभर. कोंबडीचं खाद्य सशाला घालू नका, त्यात कोंबड्यांच्या कॉक्सिडियासाठी मिसळलेली काही औषधं सशाला विष ठरतात.

हिरवा चारा द्यायचाच, पैसे वाचतात आणि ससे खूश. लसूणघास, मक्याची पानं, बांधावरचं गवत, तुतीची पानं, मुळ्याचा-गाजराचा पाला. पण कापून ढीग घालून ठेवलेलं ओलं गवत आतून तापतं, ते घातलं की पोट फुगतं, म्हणून कापल्यावर पसरून ठेवा आणि जरा सुकलं की द्या. कोबी-फ्लॉवरची पानं थोडीच. गाजर म्हणाल तर तो खाऊ आहे, जेवण नाही, त्यात साखर भरपूर. ब्रेड, शिळं अन्न, बिस्किटं बंद. बटाटा-टोमॅटोचा पाला, कांदा-लसूण, अॅव्होकॅडोची पानं, कण्हेर, घाणेरी यातलं काही जवळ येता कामा नये, आणि फवारलेल्या शेतातलं गवत तर कितीही हिरवंगार दिसलं तरी नाही. बुरशी लागलेलं पेलेट किंवा दाणा फेकून द्या, जीव तुटला तरी फेका, बुरशीचं विष सशाला फार लवकर बाधतं.

आणि हे परत परत सांगतो, खाणं एकदम बदलू नका. ससा विकत घेताना तो आधी काय खात होता ते विचारा आणि आठवडाभराचं तेच खाद्य बरोबर आणा. मग पहिल्या दिवशी तीन भाग जुनं एक भाग नवीन असं करत आठ-दहा दिवसांत पूर्ण नव्यावर न्या. हिरव्याचंही तसंच, पावसाचं पहिलं कोवळं गवत आलं म्हणून टोपलीभर घातलं की दुसऱ्या दिवशी हगवण. सशाच्या मोठ्या आतड्यात जे जंतू चारा आंबवून पचवतात त्यांना नव्या चाऱ्याची सवय व्हायला वेळ लागतो, ते मेले की त्यांच्या जागी नको ते वाढतात.

एक गोष्ट बघून नवीन लोक घाबरतात, ससा पहाटे स्वतःच्या मागे तोंड घालून काहीतरी खाताना दिसतो. घाबरू नका, त्या मऊ, चिकट, द्राक्षाच्या घडासारख्या लेंड्या वेगळ्या असतात, त्यातून त्याला बी व्हिटॅमिन आणि प्रोटीन मिळतं, ते त्याने खाल्लंच पाहिजे. तसंच लघवी कधी पांढरट कधी पार नारिंगी-लाल दिसते, पांढरटपणा कॅल्शियमने येतो आणि लाली बहुतेक चाऱ्यातल्या रंगाने. ससा खातोय पितोय आणि लघवी करताना कुंथत नाहीये तर रक्त समजून धावपळ नको.

ससे घेताना

साधारण तीन-चार महिन्यांची जनावरं घ्या. फार लहान पिल्लं स्वस्त मिळतात पण प्रवासात आणि खाण्याच्या बदलात तीच आधी जातात. पुढचे पाय उचलून आतली बाजू बघा, तिथले केस चिकटलेले, गुठळ्या झालेले असतील तर तो ससा पायाने नाक पुसत असतो, म्हणजे सर्दी आहे, मग विकणारा काहीही सांगो, घेऊ नका. कानात बघा, तपकिरी खपल्या म्हणजे कानातली खरूज. दात बघा, वरचे पुढचे दात खालच्यांच्या किंचित पुढे असले पाहिजेत. शेपटीखाली कोरडं, मागच्या पायाच्या तळव्यांवर केस शाबूत. नर-मादी तुमच्यासमोर दाखवायला सांगा, लघवीच्या भोकाच्या बाजूला दोन बोटांनी हलकं दाबलं की नराचं गोल नळीसारखं वर येतं, मादीची लांबट चीर दिसते. दोन "माद्या" आणल्या आणि एक नर निघाला, हे इतकं कॉमन आहे की काय सांगू. नर दुसऱ्या ठिकाणाहून घ्या म्हणजे नात्यातली पैदास टळेल. घरी आणल्यावर नवीन ससा जुन्यांपासून महिनाभर लांब, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी करायचं, मग हात धुवायचे.

उचलताना कान धरून उचलायचं नाही. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, अंगाशी घट्ट धरायचं, आणि पिंजऱ्यात ठेवताना मागचं अंग आधी आत. मागचे पाय लोंबकळत ठेवले आणि त्याने हवेत जोरात लाथ झाडली तर कंबरेत मणका तुटतो, आणि तो परत जुळत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, ओरबाडे खोल जातात.

नराकडे सोडणं आणि बाळंतपण

मध्यम जातीची मादी पाच-सहा महिन्यांची झाली की तयार, मोठ्या जातीची आठ-नऊ महिन्यांची. नियम एकच, मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, नराला मादीकडे कधीच नाही, ती तिची जागा समजून त्याला फाडून ठेवते. ससिणीला गाई-म्हशीसारखा ठरलेला माज नसतो, मिलन झाल्यावर साधारण दहा तासांनी बीज सुटतं. तरी आधी शेपटीखाली बघा, तिथे लालसर-जांभळट असेल तर तयार, फिकट असेल तर दोन-तीन दिवस थांबा. काम झालं की नर एक विचित्र आवाज काढून बाजूला धपकन पडतो, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं गेलाच की काय. असं दोनदा झालं की मादीला परत आणा. मारामारी सुरू झाली किंवा मादी कोपऱ्यात चिकटून बसली तर लगेच काढा, तिथेच सोडून चहा प्यायला जाऊ नका. दिवस लहान असतात तेव्हा माद्या नाखूश असतात, चौदा तासांच्या आसपास उजेड मिळेल असा दिवा लावला की फरक पडतो. आणि कडक गरमीनंतर दीड-दोन महिने नर वांझच राहू शकतो, त्यामुळे त्या काळात मादी गाभण राहिली नाही तर दोष तिला लावून तिला काढून टाकू नका.

दोन्ही माद्या एकाच दिवशी लावा, म्हणजे नराकडे सोडा. का ते पुढे येतं.

तारीख लिहून ठेवा, भिंतीवर खडूने लिहा, मोबाइलमध्ये टाका, काहीही करा. बाराव्या ते चौदाव्या दिवशी मादी गाभण आहे का ते अनुभवी माणूस पोटाला हात लावून सांगतो, तुम्ही उगाच दाबादाबी करू नका. २८ व्या दिवशी घरट्याची पेटी आत गेली पाहिजे, लाकडाची, दीड फूट लांब, पाऊण ते एक फूट रुंद, पुढची बाजू अर्ध्या फुटाची म्हणजे मादी उडी मारून आत जाईल पण पिल्लू सहज बाहेर येणार नाही. तळाला भुसा आणि वर भरपूर मऊ वाळलेलं गवत. मादी तोंडात गवत घेऊन इकडून तिकडे फिरायला लागते, मग स्वतःच्या पोटाचे आणि गळ्याखालचे केस उपटून घरटं भरते. पेटी फार आधी ठेवली तर ती तिचा संडास करते, उशिरा ठेवली तर जाळीवर व्याते. ३१ व्या दिवसाच्या मागेपुढे, बहुतेक रात्री किंवा पहाटे, काम उरकतं, तुम्हाला मदत करायची काही गरज नसते. त्या काळात पाणी मात्र भरलेलं, कुत्री लांब, आणि पाहुण्यांना दाखवायला आणणं बंद.

सकाळी मादीला तिचा आवडता पाला द्या, तिच्या अंगावरून हात फिरवून तो वास हाताला लागू द्या आणि मग पेटी तपासा. माणसाने हात लावला की आई पिल्लं टाकते हे काही खरं नाही. केसांच्या ढिगाखाली उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं वळवळत असतात. मेलेली आणि वारेचे तुकडे काढून टाका. दूध मिळालंय का हे बघायची सोपी खूण म्हणजे पोट, ते टम्म गोल असतं आणि पातळ कातडीखालून पांढरं दूध चक्क दिसतं. ज्याचं पोट आत गेलंय, कातडी सुरकुतलेली आहे, ते उपाशी. मादी दिवसातून एकदाच, फार तर दोनदा, पाच मिनिटं आत जाऊन पाजते आणि बाकी वेळ घरट्याकडे बघतही नाही, त्यामुळे "आई लक्षच देत नाही" म्हणून घाईने बाटलीने पाजायला बसू नका, पोटं बघा आणि मगच ठरवा.

एका मादीची दहा आणि दुसरीची चार झाली तर दोघींमध्ये वाटून टाका, वयात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त फरक नसला की दुसरी मादी गुपचूप स्वीकारते. म्हणूनच एकाच दिवशी लावायचं. घरट्याबाहेर पडलेलं गार पिल्लू मेलं असं लगेच समजू नका, कपड्याच्या आत पोटाशी धरून अर्धा तास ऊब द्या, बऱ्याचदा हलायला लागतं. ऊब आली की मगच घरट्यात. पहिलटकरीण कधी पिल्लं जाळीवर टाकते, कधी खातेही, घाबरलेली असते, तहानलेली असते. दुसरी संधी द्या, तिसरीही द्या, तिसऱ्यालाही तेच केलं तर तिला पैदाशीतून काढा.

दहाव्या-बाराव्या दिवशी डोळे उघडतात. बाराव्या दिवसानंतरही चिकटलेले असतील तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हळू पुसा. तिसऱ्या आठवड्यात ती बाहेर येऊन गवत कुरतडायला लागतात, आणि इथून पुढे खरी परीक्षा, कारण चार ते बारा आठवडे हा हगवणीचा काळ. पाच-सहा आठवड्यांनी दूध तोडताना पिल्लांना हलवण्यापेक्षा आईला हलवा, पिल्लं त्याच ओळखीच्या पिंजऱ्यात, तेच पाणी तेच खाणं. तीन महिन्यांच्या आत नर-माद्या वेगळ्या, नाहीतर बहीण-भावात पुढचा गोंधळ सुरू. मादीला पुन्हा कधी लावायचं? पिल्लं चार-सहा आठवड्यांची झाल्यावर, तेही तिचं अंग भरलेलं असेल तर.

आजारपण

पोट मोठं, पाठीचा कणा हाताला लागतोय, ढुंगण घाण, ही कॉक्सिडियाची लक्षणं. आजारी पिल्लू वेगळं करा, सगळा पिंजरा कोरडा करा, लेंड्या चाऱ्यात पडणार नाहीत असं बघा आणि औषध डॉक्टरला विचारून. कानातल्या खरजेच्या खपल्या ओरबाडून काढू नका, आत जखम होते, डॉक्टर आयव्हरमेक्टिन देतात त्याने खपल्या आपोआप गळतात. जोरात शिंका आणि नाकातून पांढरा शेंबूड असेल तर तो ससा लगेच बाजूला. रक्तस्रावी रोग आणि डासा-पिसवांनी पसरणारा मिक्सोमॅटोसिस हे दोन फार वाईट, उपचार जवळपास नाहीतच, तुमच्या भागात लस मिळत असेल तर नक्की द्या.

एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून शेडमध्ये लावा: अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिनसारखी अँटिबायोटिक्स सशाला तोंडाने द्यायची नाहीत. आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि मूळ आजार राहतो बाजूला, ससा हगवणीने जातो. कुत्र्या-मांजराचं उरलेलं औषध "थोडंसं देऊन बघू" हा प्रकार तर नकोच.

ऊन लागल्याची खूण म्हणजे ससा आडवा पसरलेला, तोंड उघडं ठेवून भराभर श्वास, नाकाभोवती ओलं, कान तापलेले. त्याला सावलीत आणा, कान साध्या पाण्याने ओले करा, वारा घाला. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानेच मरेल. त्यापेक्षा आधीच सोय करा, प्लास्टिकच्या बाटल्यांत पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवा आणि दुपारी प्रत्येक पिंजऱ्यात एक आडवी टाका, ससा तिला टेकून बसतो. वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट. आणि ऐन गरमीत पिल्लं येतील अशा हिशोबाने मादी लावायचीच नाही, त्या तारखा आधीच वहीत खोडून ठेवा.

वही म्हणजे काय तर मादीचा नंबर, नर कोणता, कधी लावली, कधी व्यायली, किती झाली, किती जगली. दोन-तीन वेतं झाली की कुठली मादी ठेवायची ते वहीच सांगते, दिसायला सुंदर मादी बऱ्याचदा पिल्लं जगवण्यात ढ निघते.

राहिलं खत. लेंड्या गरम पडत नाहीत, त्यामुळे फुलझाडांना, फळझाडांना थेट बुडाशी टाकता येतात, कुजवत ठेवायची सक्ती नाही. कच्च्या खायच्या पालेभाजीला मात्र कुजवूनच घाला. पिंजऱ्यांखाली गांडुळं सोडली तर तिथल्या तिथे खत तयार होतं, फक्त मूत जास्त झालं की गांडुळं पळतात, म्हणून मुताच्या कोपऱ्यात पेंढा जास्त टाकायचा आणि वरचेवर खालीवर करायचं.